रेंज फुल्ल, आकडा उणे

आमच्या विहिरीवरून घरी दर पाच मिनिटांनी एक आकडा येतो आणि तो कायम उण्यात असतो. उण्यात असणं आमच्या घराला नवीन नाही. सोसायटीचं खातं, उसाचा हिशेब, पंपाचं वीजबिल, सगळीकडे आमची नोंद त्याच अंगाला. पण तिथे किती उणे यावर वाद नसतो. समोरचा सांगेल ते मुकाट्याने मान्य करायचं. या आकड्याचं तसं नाही. तो उणे 97 आहे, उणे 104 आहे की त्याला काही अर्थच नाही, यावर मोहोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर जेवढी डोकी चालली तेवढी विधानसभेच्या निकालावरही चालली नव्हती. त्यात मी हयातभर शाळेत गणित शिकवलेलं. ‘ऋण संख्येला भिऊ नका रे’ असं पोरांना सांगण्यात माझी नोकरी संपली. आता पेन्शनीत त्या पोरांचे शाप फळाला आले आहेत.

मूळ दुखणं लाइटीचं. शेतीपंपाला लाइट आठ तास, तीही कधी दिवसाच्या पाळीला, कधी रात्रीच्या. रात्रपाळी असली की मध्यरात्री उठायचं, बॅटरी घ्यायची, सापाकिरड्याला आपला सुगावा लागावा म्हणून खोकत खोकत ओढा ओलांडायचा, मोटार चालू करायची आणि घरी येऊन पाठ टेकतोय तोवर एक फेज गेलेली असायची. लोक यावर मोबाइल स्टार्टर बसवतात. पेटीत सिम कार्ड घातलं की घरबसल्या फोन लावून मोटार चालू. सोय झकास. फक्त सिमला रेंज लागते, आणि आमची विहीर ओढ्याकाठी अशा खोलगटात आहे की तिथे उजनीच्या कालव्याचा पाझर पोचतो, पण कुठल्याच कंपनीची रेंज उतरत नाही.

रेंजबद्दल आमच्या वस्तीचं ज्ञान दांडगं आहे, पण ते आकड्यात नाही. ‘रेंज आहे का?’ असं विचारलं तर हो किंवा नाही असं कुणी म्हणत नाही, जागा सांगतात.

“लिंबाखाली जावा, पण बुंध्याला टेकू नगा.”

“गोठ्याच्या पत्र्यावर येती. सकाळच्या पारी.”

“टाकीवर चढा आन् मोहोळ ठेसनाकडं तोंड करा.”

शेजारच्या तात्यांची स्वतःची जागा उकिरड्याशेजारी आहे. सोयरिकी जुळवणं, व्याह्यांची समजूत काढणं, पुण्यातल्या मुलाकडून पैसे मागवणं ही सगळी नाजूक बोलणी ते तिथे उभं राहून करतात. तिथली नेमकी पावलाची जागा मात्र कुणाला दाखवत नाहीत. गर्दी झाली तर रेंज वाटली जाईल, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे असं भाच्याने सांगितल्यापासून ते तिथे खुर्ची टाकून बसतात.

भाचा सोलापूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हवा होता आणि मला रात्रीची झोप. “मामा, आपण आपलीच रेंज तयार करू,” असं तो म्हणाला, आणि सुट्टीत पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून दोन चिपा घेऊन आला. सेमटेक कंपनीची एसएक्स1276, नखाएवढी. एका गिगाहर्ट्झच्या बरीच खाली, 865 मेगाहर्ट्झच्या आसपास ती बोलते. 865 ते 867 हा पट्टा सरकारने 2005 साली परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला आणि 2021 साली तो 868 पर्यंत वाढवला.

“म्हंजी सरकारनं फुकट दिलंय?” तात्यांनी विचारलं.

“हो. परवाना नाही, भाडं नाही. फक्त ताकद ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवायची.”

“मग त्यात काय तरी खोट असनार.”

बेत सोपा होता. एक चिप विहिरीवर, एक घरात. विहिरीवरची सांगणार मोटार चालू की बंद, आणि घरातली सांगणार की तो निरोप किती जोरात ऐकू आला. टेबलावर दोन्ही चिपा शेजारी ठेवल्या तेव्हा निरोप असा खणखणीत आला की बायकोने खोबऱ्याच्या वड्या केल्या. इतक्या जवळून चिपेचे कान बधिर होतात आणि टेबलावरचा आकडा काही कामाचा नसतो, हे वड्या संपल्यावर कळलं. विहिरीवर नेऊन बसवल्यावर घरात काहीच येईना. एकही निरोप नाही. बॅटरी बदलली. पेटी बदलली. गड्याने विहिरीवर नारळ फोडला. तात्या म्हणाले, तार वीतभरसुद्धा नाही, एवढ्याशा तारेनं काय होतंय? पाव तरंगलांबी म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि तेवढीच लागते, हे भाच्याने त्यांना जमिनीवर काडीने आकृती काढून समजावलं. त्यांनी मान हलवली, आणि भाचा जेवायला गेल्यावर ती तार वाऱ्याने हलू नये म्हणून दहा फुटी जीआय पाइपाला सुतळीने गच्च आवळून ठेवली. अँटेनाला लगटून लोखंड उभं करणं म्हणजे तिचा गळा धरणं. पण ते निस्तरल्यावरही शांतताच.

शेवटी भाच्याने अँटेना आणि बोर्ड यांच्या जोडात बॅटरी मारून पाहिलं. दोन्हीकडे भोक. बाजारात दिसायला एकसारखे दोन प्रकार मिळतात. एकात मधोमध बारीक पिन असते, दुसरा वायफायच्या राउटरसाठी उलटा केलेला, त्यात पिनच नाही. आटे मात्र दोघांचे सारखे, त्यामुळे ते एकमेकांवर छान घट्ट बसतात. जोड इतका घट्ट होता की आतून दोघांची भेटच झालेली नाही, ही शंका कुणाला यायचं कारणच नव्हतं.

पिनवाली अँटेना आली आणि पडद्यावर पहिला आकडा उमटला. उणे 115.

“आलं!” भाचा ओरडला.

“उणे म्हंजी गेलं की,” तात्या म्हणाले.

मग मला शिकवायची संधी मिळाली, आणि पेन्शनर मास्तर अशी संधी सोडत नाही. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या नावावरून हे डेसिबल माप पडलं. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. तिथून तीन पायऱ्या उतरलं की ताकद निम्मी, दहा उतरलं की दहावा हिस्सा. उणे 97 म्हणजे एका वॅटचे पाच लाख कोटी भाग करायचे आणि त्यातला एक घ्यायचा. लाख कोटी हा शब्द वस्तीने फक्त अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ऐकला होता, त्यामुळे एवढ्यातून आपल्या वाट्याला एकच भाग येणार यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आता अँटेना कुठे आणि किती उंच लावली म्हणजे आकडा सुधारतो, ते पाहायचं होतं. म्हणजे एकाने विहिरीवर अँटेना हलवायची, दुसऱ्याने घरात आकडा वाचायचा, आणि वाचलेला आकडा विहिरीवर कळवायचा. कसा कळवायचा? विहिरीवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. तेव्हा तिन्हीसांजेला गडी बांबू घेऊन विहिरीवर, भाचा पडद्यासमोर, मी गच्चीवर बॅटरी घेऊन. एकदा चमकवली तर वर घे, दोनदा तर खाली, तीनदा तर बांध. गड्याने उत्तरादाखल एकदा चमकवायची. गड्याने मध्येच विडी पेटवली ते आम्ही उत्तर समजलो. रस्त्याने एक ट्रॅक्टर खड्ड्यातून उसळत गेला, त्याच्या दिव्यांचा त्याने भलताच अर्थ लावला आणि बांबू ओढ्यापलीकडे नेऊन रोवला. गंमत म्हणजे अँटेना झाडावर असो, बांधावर असो की गड्याच्या डोक्यावर, पडद्यावर उणे 115 च्या आसपासच. एखाद-दुसरा इकडेतिकडे, बस.

मला 1987 साल आठवलं. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं आणि गच्चीवरची अँटेना वाऱ्याने फिरलेली असायची. एकजण गच्चीवर, एकजण अंगणात, एकजण खिडकीत आणि टीव्हीसमोर आजोबा. “आलं का?” “मुंग्या हायत!” “आता?” “कमी झाल्या!” “आता?” “आलं, आलं, आलं... गेलं!” हे ‘आलं’ खिडकी-अंगण-गच्ची अशा मार्गाने वर पोचेपर्यंत अँटेना पुढे सरकलेली असायची, आणि ‘गेलं’ पोचायचं तेव्हा परत जागेवर आलेली. तरीही त्या पद्धतीत एक सचोटी होती. मुंग्या कमी म्हणजे सिग्नल जास्त; यात कुणाचा उणे-अधिकचा घोळ नव्हता. त्या मुंग्यांपैकी शेकडा एखादी तर विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या प्रारणाची असते म्हणतात. आम्ही तिलाही अँटेना हलवून घालवू पाहत होतो.

उणे 115 चा उलगडा भाच्याला रात्री झोपेत झाला. त्या चिपेत सिग्नलची ताकद ठेवायचे दोन शेजारी-शेजारी कप्पे आहेत. एकात नुकत्याच आलेल्या निरोपाची ताकद, दुसऱ्यात या क्षणी हवेत जे काही आहे त्याची. भाचा निरोप येऊन गेल्यावर दुसरा कप्पा उघडत होता. म्हणजे संध्याकाळभर आम्ही बॅटऱ्या चमकवून मोजली ती विहीर नव्हे, विहीर गप्प झाल्यावरची शांतता. शांततेलाही आकडा असतो, हे मला या वयात कळलं. हवेतली उष्णता आणि चिपेची स्वतःची खरखर मिळून तिथे उणे 117 च्या आसपास तळ लागतो. गंमत अशी की ही लोरा जातीची चिप त्या तळाच्याही खालचं, खरखरीत बुडालेलं बोलणं ओळखून काढते.

“म्हणजे टीव्ही चालू असताना हाक मारली तरी त्याला ऐकू येतं?” बायकोने विचारलं.

“हो, मामी.”

तिने माझ्याकडे फक्त पाहिलं.

योग्य कप्पा उघडल्यावर आकडा आला उणे 104. भाच्याने कागद काढला. विहीर ते घर 900 मीटर, सोडलेली ताकद 100 मिलिवॅट, मध्ये मोकळी हवा धरली तर यायला हवा उणे 70. चौतीस कुठे गेले? खोलगट जागा खाते, बांध खातो, झाडी खाते, अशी वजाबाकी सुरू झाली. शेवटी सातांचा पत्ता लागला. चिपेच्या कप्प्यातल्या अंकातून एक ठरलेली संख्या वजा करायची असते. 433 मेगाहर्ट्झवाल्यांनी 164, आमच्यासारख्या 865 वाल्यांनी 157. भाच्याने इंटरनेटवरून उचललेल्या प्रोग्रॅममध्ये 164 होते. ते बदलताच उणे 104 चा उणे 97 झाला. विहिरीला कुणी हात लावला नव्हता.

“हे सात वाढले कुठून?” बायको.

“कागदावर.”

“कागदावर तर आपली विहीर साठ फूट खोल आहे.”

इथे खरं तर थांबायला हरकत नव्हती. निरोप येत होते, मोटार कळत होती. पण एकदा आकडा घरात आला की तो माणसाला स्वस्थ बसू देत नाही. मी पहाटे उठून आधी आकडा पाहू लागलो, मग रक्तदाबाची गोळी घेऊ लागलो. उणे 95 दिसला की दिवस चांगला. उणे 99 दिसला की गड्यावर चिडायचो. एके दिवशी तात्या चहा पिता पिता म्हणाले, “मास्तर, ह्याचा काटा कुनी तपासलाय?”

आमच्या भागात वजनकाट्यावर शंका घेणं हे उपजत शहाणपण आहे. उसाची ट्रॉली कारखान्यात न्यायच्या आधी खासगी काट्यावर तोलून घेणारी ही माणसं. किराणा दुकानातल्या तागडीवरसुद्धा वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे का, ते पाहतात. चिपेच्या आकड्यावर मात्र कुणाचाच शिक्का नव्हता. तात्या बारावीसुद्धा नाहीत, पण भाच्याच्या अभ्यासक्रमातला कॅलिब्रेशनचा अख्खा धडा त्यांनी एका वाक्यात विचारला. काटा तपासायचा तर वजन माहीत असलेलं माप त्यावर ठेवायचं. म्हणजे ताकद माहीत असलेला सिग्नल चिपेला द्यायचा. तसा सिग्नल देणारं यंत्र सोलापूरच्या एका कॉलेजात होतं.

आम्ही तिघे गेलो. तात्यांना सोलापुरात डोळे दाखवायचे होते, शिवाय प्रश्न त्यांचाच होता. यंत्र कपाटात होतं. कपाटाची किल्ली शिपायाकडे होती. शिपाई रजेवर होता. त्याच्या रजेचा अर्ज त्याच कपाटात होता. पुन्हा गेलो तेव्हा किल्ली मिळाली, यंत्र निघालं, आणि त्याच्या पाठीवर एक चिकटपट्टी दिसली: पुढील तपासणीची तारीख. ती केव्हाच उलटून गेली होती.

“म्हंजी काट्याचा काटा पन तपासलेला न्हाय,” तात्या म्हणाले.

“यंत्राचं माप दुसऱ्या यंत्रावरून ठरतं, ते तिसऱ्यावरून, असं करत करत शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जातं,” कॉलेजातले सर म्हणाले.

“मग एकदम दिल्लीलाच का न्हाय जायचं?”

सरांनी घड्याळ पाहिलं आणि केबल जोडली. ही केबलही थोडा सिग्नल गिळते, तेवढा हिशेबात धरावा लागतो, असं त्यांनी समजावलं.

“केबल बी खाती?” तात्यांनी उसासा सोडला. “चालू द्या. समदेच खात्यात.”

केबलचा हप्ता वजा करून दोन्ही चिपांना उणे 80 चा सिग्नल दिला. पहिलीने सांगितलं उणे 83. दुसरीने सांगितलं उणे 77. एकाच दुकानातल्या, एकाच पाकिटातल्या या दोघी. यात कुणाचंच काही चुकलेलं नाही, असल्या चिपेत दोन-तीन डेसिबलचं मागेपुढे चालतंच, असं सर म्हणाले. भाच्याने विहिरीवर घेतलेले आकडे दाखवले तर त्यात आणखी एक खोट निघाली. त्याने डेसिबलांचीच सरासरी काढली होती. उणे 60 आणि उणे 90 यांची सरासरी त्याच्या वहीत उणे 75. सर म्हणाले, आधी मिलिवॅट कर, मग सरासरी काढ, मग परत डेसिबल. तसं केल्यावर उत्तर आलं उणे 63. म्हणजे एक धट्टाकट्टा आणि एक मरतुकडा सिग्नल घेऊन सरासरी काढली तर मरतुकडा हिशेबात दिसतच नाही. हे ऐकून गणिताच्या निवृत्त मास्तराने खिडकीबाहेर पाहिलं.

परतीच्या एसटीत भाच्याने घरात कोणती चिप लावायची याचा निर्णय घेतला. उणे 77 सांगणारी. तिच्यावर आमची विहीर उणे 91 दिसते. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तेच छापलं. खरा आकडा दोघींच्या मध्ये कुठेतरी आहे हे त्याला ठाऊक होतं, पण परीक्षकांना मधला आकडा आवडत नाही म्हणे.

यंत्राची बातमी पसरली आणि माणसं बघायला येऊ लागली. घरातला पडदा पाहून कुणाचं समाधान होईना. जो तो विहिरीवर जाऊन अँटेनाभोवती कोंडाळं करून उभा राहायचा. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी सिग्नल गिळतं. त्यामुळे विहिरीवर पाहुणे जमले की घरात आकडा पडायचा. परत येऊन तो पडलेला आकडा पाहून ते सांत्वन करायचे, “मास्तर, आमच्या भावकीतल्याचं बी असंच झालं, पैसं गेलं.” मी स्वतः तपासायला गेलो तरी तेच. शेवटी बायकोने नियम केला: तुम्ही लांब राहा, सगळं नीट चालतं. रिसीव्हरशेजारचा तिचा सेट-टॉप बॉक्स चालू झाला की मात्र उलटं व्हायचं. हवेतल्या ताकदीचा कप्पा एकदम फुगायचा, आणि विहिरीचे निरोप बंद पडायचे. तो कप्पा ताकद मोजतो, ती कुणाची आहे हे विचारत नाही. आमच्या पट्ट्यापलीकडे 869 पासून मोबाइलचे टॉवर बोलायला लागतात, तेही त्याच्या कानावर पडतात. मालिकेच्या वेळात आमची रेंज आकड्याने सर्वांत भारी असायची आणि मोटारीचा पत्ता नसायचा.

आणि मग पावसाळा आला. यंत्र बसवलं तेव्हा गुडघ्याएवढा असलेला ऊस बघता बघता अँटेनाच्या डोक्यावरून गेला. आकडा उणे 103. पानं ओली असली की त्याहून खाली. भाच्याने अभ्यास करून मत दिलं की आपण पीक चुकीचं घेतलंय. याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड झालेलं मालदांडी 35-1 हे ज्वारीचं वाण आपण लावायला हवं होतं; ज्वारी रब्बीत येते, चार महिन्यांत निघून जाते, ऊस वर्षभर पाणी पिऊन वाटेत उभा राहतो.

“मामा, ज्वारी असती तर दहा डेसिबल वाचले असते.”

“आन् पट्टी कशावर भरायची, डेसिबलावर?” तात्यांनी विचारलं.

भाच्याने धीर द्यायला खोडदची गोष्ट काढली. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला सिग्नल तिथे टिपल्याची बातमी 2023 च्या जानेवारीत आली. निघाला तेव्हा 1420 मेगाहर्ट्झचा, विश्व प्रसरण पावल्यामुळे इथे पोचेपर्यंत 620 च्या आसपास, म्हणजे तोसुद्धा आपल्यासारखाच गिगाहर्ट्झच्या खालचा. तात्या बराच वेळ विचार करत होते.

“त्यास्नी एवढ्या लांबचं ऐकू येतं आन् आपल्याला ओढ्यापल्याडचं न्हाय,” ते म्हणाले. “त्यांच्या मधी ऊस नसंल.”

आता आमची रेंज कारखान्याच्या हातात गेली. तोडीची चिठ्ठी आली तर टोळी येणार, टोळी आली तर ऊस हलणार, ऊस हलला तर सिग्नल येणार. चिठ्ठीसाठी मी हेलपाटे घातले. शेतकी विभागातल्या माणसाला सांगितलं की साखर उतारा राहू द्या, माझे बारा डेसिबल अडकलेत. त्याने वहीत नोंद केली. ऊस गेल्याच्या दुसऱ्या सकाळी आकडा उणे 96, जुन्या चिपेवर. नव्या चिपेवर उणे 90. दोन्ही चिपा मी आता आलटूनपालटून घरात लावतो. पाहुणे आले की नवी दाखवतो, वायरमन आला की जुनी.

बायकोने मात्र आकडाच काढून टाकायला लावला. तिचं म्हणणं सरळ होतं: मोटार चालू की बंद तेवढं सांगा, बाकी तुमचं तुमच्यापाशी. भाच्याने तडजोड म्हणून मोबाइलवर असतात तशा चार दांड्या काढल्या. कुठल्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या याचा जगात ठरलेला नियम नाही, जो तो आपल्या मनाने ठरवतो. 2010 साली आयफोन फोरची रेंज हातात धरला की घसरते अशी ओरड झाली, तेव्हा खुद्द अ‍ॅपलने जाहीर केलं होतं की दांड्या काढायचं आमचं सूत्रच साफ चुकलंय, पुष्कळदा दोन दांड्या जास्त दाखवतोय. आमच्या भाच्याने इतिहासातून धडा घेऊन उणे 120 पासून वर सगळ्याला चार दांड्या ठेवल्या. तेव्हापासून वस्तीवर एकमत आहे की मास्तरांची रेंज फुल्ल आहे. तात्या परवा उकिरड्याशेजारची खुर्ची उचलून आमच्या रिसीव्हरपाशी येऊन बसले. या रेंजवर फोन लागत नाही हे त्यांना पटवून देणं चालू आहे.

तुमच्यापैकी कुणी असलं काही करणार असेल आणि तपकीर गल्लीत जाणार असेल, तर अँटेना घेताना झाकण काढून आत पिन आहे का ते तिथेच पाहून घ्या. दुकानदार ‘बसते, बसते’ म्हणेल. बसते, हे खरं आहे.